चार वर्षांच्या मुलांची वाटणी

न्यूयॉर्क शहरात मूल चार वर्षांचं व्हायचं वर्ष उजाडलं, की शहराच्या फुकट बालवाडीसाठी आईबापांना एक अर्ज भरावा लागतो. त्यात १२ बालवाड्यांपर्यंत नावं लिहायची, पसंतीच्या क्रमाने. पैसे लागत नाहीत. मुलाची परीक्षा नाही, आईबापांची मुलाखत नाही, कुणाची चिठ्ठी नाही. अर्जात पगार किती, व्हिसा कोणता, हेही कुणी विचारत नाही. नर्सरीच्या प्रवेशाचे आणि डोनेशनचे किस्से ऐकत पुण्यात वाढलेल्या माझ्यासारखीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अक्षरशः भरून आलं होतं. आजही या योजनेबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे ते त्या आदरापोटीच.

ही योजना तेव्हाचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी २०१४ मध्ये आणली. त्याआधी शहरात पूर्ण दिवसाच्या फुकट बालवाडीच्या जागा होत्या सुमारे २०,०००. दोन वर्षांत ६८,००० च्या वर मुलं बसू लागली. एवढ्या मुलांना शाळांच्या इमारती पुरणं शक्यच नव्हतं, म्हणून निम्म्याहून अधिक जागा वस्तीवस्तीतल्या केंद्रांत काढल्या गेल्या. कुठे चर्चच्या तळमजल्यावर, कुठे समाजसेवी संस्थेत, कुठे खाजगी डेकेअरमध्ये. पाटी शहराची, शिक्षक प्रशिक्षित, एका वर्गात साधारण १८ मुलं. कुठल्याही वर्गात डोकावा, छोट्या खुर्च्या, वाळूचं टेबल, गोष्टींची पुस्तकं आणि रंगांनी माखलेले ॲप्रन दिसणारच.

फक्त मुलांकडे पाहिलं की प्रश्न पडतो.

क्वीन्समधल्या ज्या भागात मी राहते तिथे सबवेच्या एका डब्यात जगातल्या निम्म्या भाषा कानावर पडतात. पण बालवाड्यांच्या सुटण्याच्या वेळी रस्त्यावरून चालत गेलं, तर एका दारातून जवळजवळ सगळी लॅटिनो मुलं बाहेर पडतात, दुसऱ्यातून सगळी चिनी, आणि सबवेने थोडं पुढे गेलं की एका दारातून सगळी कृष्णवर्णीय. शहर मिसळलेलं, वर्ग मात्र वेगवेगळे. हा माझ्या एकटीच्या डोळ्यांचा भास नाही. द सेंच्युरी फाउंडेशन या संस्थेने २०१६ मध्ये शहराच्या आकडेवारीवरून दाखवलं, की दर ६ बालवाडी वर्गांपैकी १ वर्ग असा आहे जिथे ९० टक्क्यांहून जास्त मुलं एकाच वंशाची आहेत. म्हणजे १८ मुलांच्या वर्गात १७ एकाच रंगाची. त्याच शहरात पुढच्या इयत्तेत, म्हणजे शाळेतल्या पाच वर्षांच्या मुलांच्या किंडरगार्टन वर्गात, हे प्रमाण ८ वर्गांत १ असं होतं. न्यूयॉर्क राज्याच्या शाळा देशात सर्वांत जास्त विभागलेल्या आहेत असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१४ मध्येच सांगितलं होतं. म्हणजे आधीच इतक्या विभागलेल्या शाळांपेक्षाही त्यांच्या उंबरठ्यावरची बालवाडी जास्त विभागलेली.

याचं कारण काय? माझ्या ओळखीतले बहुतेक लोक एका वाक्यात उत्तर देतात: लोक आपापल्या माणसांत राहतात, आपापल्या माणसांत मुलं पाठवतात, त्यांची निवड आहे ती. हे वाक्य मला आता सहन होत नाही. कारण ही निवड होताना मी जवळून बघते.

हिवाळ्यात अर्जाची मुदत जवळ आली की मी शनिवारी एका ग्रंथालयात टेबलापाशी बसते. ज्यांना ऑनलाइन अर्ज जमत नाही त्यांना मदत करायची, एवढंच काम. गेल्या हिवाळ्यात एक बांगलादेशी आई आली. वयस्कर लोकांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करण्याची नोकरी, शिफ्ट संध्याकाळी सहाला संपते, नवरा टॅक्सी चालवतो. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होतो. मी तिला एकेक नाव वाचून दाखवत होते. पहिली शाळा, सरकारी, नवी इमारत, दहा मिनिटांवर. तिने विचारलं, "दीदी, छुट्टी कितने बजे?" मी म्हटलं, दोन वीस. तिने मान हलवली. पुढची, दोन वीस. त्याच्या पुढची, दोन पन्नास, पण ती सकाळी उशिरा भरते. शहराच्या बालवाडीचा पूर्ण दिवस ६ तास २० मिनिटांचा असतो. त्यानंतर मूल कुणी न्यायचं हा प्रश्न घराने सोडवायचा. शाळेतच संध्याकाळपर्यंत ठेवायची सोय कुठे असते, कुठे नसते, आणि असली तर बहुतेक ठिकाणी पैसे मोजावे लागतात. त्या बाईने यादीतली नावं अशी एकामागून एक खोडली आणि शेवटी दोन उरली. दोन्ही केंद्रं कमी उत्पन्नाच्या नोकरदार आईबापांसाठी सरकारी अनुदानावर चालणारी, संध्याकाळपर्यंत आणि उन्हाळ्यातही उघडी. तिथे जागा मिळायला मात्र पगाराची कागदपत्रं वेगळी दाखवावी लागतात. अर्थातच तिथे येणारी सगळी मुलं तिच्यासारख्याच घरांतली. आणि या शहरात पगार, पेठ आणि रंग यांची सांगड इतकी घट्ट आहे, की पगाराने चाळलेला वर्ग रंगानेही चाळला जातो.

त्याच दुपारी एक मराठी जोडपं आलं. दोघंही आयटीत. त्यांना खरं तर मदत नकोच होती, खात्री करून घ्यायची होती. लॅपटॉपवर तक्ता तयार: शाळेचं नाव, घरापासूनचं अंतर, वेबसाइटवरचं दहापैकी रेटिंग, मागच्या वर्षी कितव्या क्रमाच्या अर्जदारापर्यंत जागा गेली, संध्याकाळच्या सोयीची फी. १२ च्या १२ रकाने भरलेले. माणसं अतिशय चांगली, मुलासाठी जीव टाकणारी. त्यांची तयारी पाहून मला कौतुकच वाटलं. पण दोन वीसचा प्रश्न त्यांच्या तक्त्यात फीच्या रकान्यात मावला होता, आणि त्या बाईच्या आयुष्यात तो एकच प्रश्न होता. अर्ज दोघांचा तोच. संगणक दोघांचे अर्ज अगदी समान वागणूक देऊन चालवणार. मग निकाल लागल्यावर शहर म्हणणार, आम्ही आईबापांच्या पसंतीप्रमाणे जागा दिल्या.

निवडीच्या आडून वेगळेपण टिकवणं हा या देशातला जुना प्रकार आहे. व्हर्जिनियातल्या न्यू केंट या छोट्या ग्रामीण काउंटीची गोष्ट इथल्या कायद्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तिथे शाळा दोनच. एक गोऱ्यांची, एक कृष्णवर्णीयांची. गोरे आणि कृष्णवर्णीय काउंटीभर मिसळून राहायचे, त्यामुळे दोन शाळांच्या बसगाड्या एकाच रस्त्यांवरून उलटसुलट धावायच्या. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्यावरही तिथे अकरा वर्षं काही बदललं नाही. १९६५ मध्ये केंद्र सरकारचा पैसा बंद व्हायची वेळ आली तेव्हा शाळा मंडळाने जाहीर केलं, की ज्याला जी शाळा हवी ती त्याने निवडावी. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही. ११५ कृष्णवर्णीय मुलं हिंमत करून गोऱ्यांच्या शाळेत गेली, आणि ८५ टक्के आपल्या जुन्या शाळेतच राहिली. का राहिली हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. बापाची नोकरी गोऱ्या मालकाकडे असताना अर्जावर कुठल्या शाळेचं नाव लिहायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी निकाल देताना जे म्हटलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं: शाळा एक करण्याची जबाबदारी मंडळाची होती, या योजनेने ती मुलांच्या आणि पालकांच्या डोक्यावर टाकली.

माझं सगळं म्हणणं या वाक्याशी येऊन थांबतं. न्यूयॉर्कमध्ये कुणी कुणाला धमकावत नाही. इथली बालवाडीची योजना वांशिक द्वेषातून निघालेली नाही, उलट गरीब मुलांच्या कळकळीतून निघाली आहे. पण जबाबदारी तशीच सरकवलेली आहे. शहराने वेगवेगळी दारं आखली: हे दार पगार कमी असलेल्यांसाठी, हे सहाला सुट्टी होणाऱ्यांसाठी, हे दोन वीसला मूल आणू शकणाऱ्यांसाठी, हे शाळेच्या झोनमध्ये, म्हणजे प्राधान्य मिळणाऱ्या आसपासच्या वस्तीत, घर परवडणाऱ्यांसाठी, हे मोठा भाऊ आधीच त्या शाळेत असणाऱ्यांसाठी. मग आईच्या हातात पेन दिलं आणि म्हटलं, निवड.

बालवाडीत हे पुढच्या इयत्तांपेक्षा जास्त का घडतं, तेही यातूनच कळतं. पहिलीची शाळा सक्तीची आणि बहुधा मोठी असते, चारपाच गल्ल्यांमधली मुलं एका इमारतीत येतात. बालवाडी ऐच्छिक असते आणि छोटी असते. दोन खोल्यांचं केंद्र एखाद्या चर्चला किंवा एखाद्या भाषिक समाजाला जोडलेलं असतं. शिवाय देशभरातल्या बालशिक्षणाच्या योजनांचा जन्मच वेगळ्या दारांनी झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेत १९६५ मध्ये हेड स्टार्ट सुरू झालं ते दारिद्र्यरेषेखालच्या मुलांसाठी, आणि मोजके अपवाद सोडले तर आजही ते त्यांच्यासाठीच आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची मुलं खाजगी नर्सरीत गेली. मधल्यांची आजीआजोबांकडे. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये देशपातळीवर पाहिलं, तर जवळपास संपूर्णपणे कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो असलेले वर्ग किंडरगार्टन आणि पहिलीच्या तुलनेत बालशिक्षणात दुपटीने आढळले.

चार वर्षांच्या मुलाला काय कळतं रंगातलं, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. त्याचं उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे, आणि तेही याच शहरातून काम करणाऱ्या एका जोडप्याकडून. केनेथ आणि मेमी क्लार्क, दोघंही मानसशास्त्रज्ञ, दोघंही कृष्णवर्णीय, दोघांच्याही पीएच.डी. कोलंबिया विद्यापीठाच्या. ज्या कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, तेच हे. क्लार्क दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर चार बाहुल्या ठेवल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी, त्वचेचा आणि केसांचा रंग सोडला तर बाकी सगळं हुबेहूब. चांगली बाहुली कोणती? वाईट कोणती? खेळायला कोणती हवी? बहुसंख्य मुलांनी चांगली म्हणून गोरी बाहुली उचलली. शेवटी विचारलं, तुझ्यासारखी दिसते ती कोणती? त्यावर काही मुलं रडली, उठून निघून गेली. १९५४ च्या निकालाच्या तळटिपेत केनेथ क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे. म्हणजे ज्या निकालावर या देशातल्या शाळांचं सगळं नवं चित्र उभं आहे, त्यामागे बालवाडीच्या वयाची मुलंही आहेत.

या प्रयोगातली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मिश्र शाळांत जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांनीही गोरीच बाहुली पसंत केली होती. एका वर्गात बसवलं की काम झालं असं नसतं. आपल्याला हे नव्याने सांगायला नको. भीमराव रामजी आंबेडकर नावाचा मुलगा साताऱ्याला सगळ्यांच्या शाळेतच जात होता, पण घरून नेलेल्या गोणपाटावर, वर्गाच्या कोपऱ्यात बसत होता. हजेरीपटावर वर्ग मिश्र, आणि त्या मुलाच्या वाट्याला कोपरा. म्हणून मी जेव्हा मिश्र बालवाडी म्हणते तेव्हा मला शिक्षिका कोण आहेत, गोष्टींच्या पुस्तकात कुणाचे चेहरे आहेत, दंगा केला म्हणून कोणत्या मुलाला आधी बाजूला बसवलं जातं, हे सगळं त्यात धरायचं असतं.

आणि उलट बाजूही मला मान्य आहे. मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूल नावाची बालवाडी चालली. तिच्या अभ्यासातली १२३ मुलं, सगळी गरीब, सगळी कृष्णवर्णीय. त्यातल्या निम्म्या मुलांना बालवाडी मिळाली, निम्म्यांना नाही, आणि पुढे कित्येक दशकं दोन्ही गटांचा मागोवा घेतला गेला. बालवाडीत गेलेल्यांचं शिक्षण आणि नोकऱ्या दोन्ही सरस निघाल्या. मिसिसिपीत १९६५ साली हेड स्टार्टच्या पैशावर कृष्णवर्णीय आयांनी स्वतः चालवलेली केंद्रं निघाली. गोऱ्या मळेवाल्यांवर अवलंबून नसलेला पगार तिथल्या कित्येक बायकांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाला. तिथलेच, वेगळ्या शाळांचे समर्थक सिनेटर जॉन स्टेनिस त्या अनुदानाच्या मागे हात धुवून लागले, ते उगाच नाही. तेव्हा एकाच वंशाची मुलं असलेली बालवाडी वाईटच असते असं मी म्हणणार नाही. माझ्या टेबलापाशी आलेल्या मेक्सिकन आईला स्पॅनिश बोलणारी शिक्षिका हवी असते, कारण मूल घरी काय सांगतं आणि शाळेत काय सांगतं हे तिला समजायला हवं असतं. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की जरा लांबची, मिश्र शाळा निवड? आपणही रविवारी मुलांना मराठी शाळेत नेतोच.

पण आपल्या मराठी लोकांच्या गटांत जे बोललं जातं ते मला खुपतं, आणि इथे स्पष्ट लिहिते. एखाद्या बालवाडीचं नाव कुणी टाकलं की पहिला प्रश्न "रेटिंग किती?" आणि दुसरा "क्राउड कसा आहे?" शिक्षिका किती वर्षं टिकून आहेत, मुलांना बाहेर खेळायला किती वेळ नेतात, हे कुणी विचारत नाही. त्या रेटिंगमध्ये वरच्या इयत्तांच्या परीक्षेचे गुण असतात, आणि ते गुण पुष्कळसे आईबापांच्या मिळकतीच्या मागे जातात. चार वर्षांच्या मुलाच्या वाळूच्या टेबलाशी त्यांचा काय संबंध? क्राउडचा अर्थ तर सगळ्यांना कळतो. घर घेताना, भाड्याने देताना, सोसायटीत कोण राहतं हे विचारताना तो आपल्याबरोबर आलेलाच आहे. २०२० पर्यंत या शहरात 'गुणवंत' वर्गांसाठी चार वर्षांच्या मुलांची परीक्षा होत असे. त्यासाठी शिकवणी लावणाऱ्यांत आपली माणसं कमी नव्हती, आणि त्या वर्गांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं अगदी नावाला असत. आपल्याला या देशात हक्काने येऊन राहता येतं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या हवेतच झाला. ज्यांच्या आजोबांनी मार खाल्ला त्यांच्या नातवंडाशेजारी आपलं मूल बसावं, ही अपेक्षा जास्त आहे का?

पुण्याहून फोन आला की तिथेही हाच विषय निघतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलला: खाजगी शाळेपासून एका किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेला शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागा देण्यापासून सूट. शहरात एका किलोमीटरच्या आत सरकारी शाळा कुठे नसते? म्हणजे कामवाल्या मावशींचा मुलगा आणि मॅडमचा मुलगा एका वर्गात येण्याची जी एक वाट होती तीच बंद. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. कारणं वेगळी, देश वेगळा, पण एक गोष्ट दोन्हीकडे खरी: मुलं मिसळायची असतील तर ते नियमात लिहावं लागतं.

न्यूयॉर्कमध्ये बालवाडीसाठी ते एका अख्ख्या विभागात लिहिलं गेलं आहे. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, म्हणजे शाळांच्या १ क्रमांकाच्या विभागात, पालकांनी कित्येक वर्षं मागे लागून २०१८ च्या प्रवेशापासून बालवाडी आणि किंडरगार्टनसाठी वेगळी पद्धत मिळवली. गरीब घरांतली, इंग्रजी शिकत असलेली किंवा कायमचं घर नसलेली मुलं एका गटात. प्रत्येक शाळेत ६७ टक्के जागांवर आधी त्यांचा हक्क, उरलेल्या जागांवर आधी इतरांचा. पसंतीचे रकाने तसेच आहेत, निवड कुणी काढून घेतलेली नाही. मुलाच्या वंशाचा उल्लेखही त्यात नाही. तो करता येत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सिएटल आणि लुईव्हिलच्या प्रकरणांत एकेका मुलाचा वंश पाहून शाळा ठरवण्याला मनाई केली. शिवाय तिथे पालकांसाठी एक मदत केंद्र उघडलं, म्हणजे तक्ता करणाऱ्या जोडप्याजवळची माहिती टॅक्सीवाल्याच्या घरीही पोचेल. या एका पद्धतीने सगळ्या शाळा रातोरात मिसळल्या असं नाही. पण मिसळण्याचं काम शहराने स्वतःकडे घेतलं.

बाकीच्या विभागांत बालवाडीसाठी ते विभागभर झालेलं नाही. शहरात एकूण ३२ विभाग आहेत. मला दोन गोष्टी हव्यात. एक, हाच प्राधान्याचा नियम सगळीकडे, वस्तीतल्या केंद्रांसह. दोन, दोन वीस ते सहा या वेळेचा खर्च शहराने उचलावा, आणि तो पगाराची कागदपत्रं न मागता, त्याच वर्गात, त्याच मुलांबरोबर. दुसरी गोष्ट जास्त महाग आहे आणि माझ्या मते जास्त निकडीची. त्या बांगलादेशी आईने पहिलीच शाळा निवडली असती. दहा मिनिटांवरची.

प्रत्येक विभागाची पालक परिषद महिन्यातून एकदा उघडी सभा घेते. नाव नोंदवलं की कुणालाही बोलता येतं, मूल त्या शाळेत नसलं तरी. आधी कळवलं तर दुभाषाही मिळतो. या महिन्याच्या सभेला आमच्या भागातून काही बंगाली, काही स्पॅनिश बोलणाऱ्या आया येणार आहेत. मराठी गटावर मी तारीख टाकली आहे.